तेलाचा ताप

चहाच्या पातेल्यात पाणी खळखळत होते. पण त्यात ना आले होते ना साखर. गाडीच्या इंजिनातल्या तेलाचे तापमान मोजणारा, तारेला बांधून सोडलेला, सुपारीएवढ्या पितळी डोक्याचा एक सेन्सर तेवढा त्यात लटकत होता. त्याची एक वायर ओट्यावर ठेवलेल्या गोल मीटरला गेली होती, दुसरी खाली फरशीवर ठेवलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीला. पाणी उकळते आहे म्हणजे ते १०० अंशांच्या अगदी जवळ असणार, तेव्हा मीटरच्या काट्यानेही शंभरच दाखवले पाहिजेत, इतका साधा हिशेब होता. काटा शंभराच्या रेघेपुढे जाऊन थांबला, फार नव्हे, चारेक अंश. मी गॅस बंद केला, पाणी निवू दिले, पुन्हा उकळले. काटा पुन्हा तिथेच. मीटर चार अंश वाढवून सांगतो, हे त्या संध्याकाळी नक्की झाले. पत्नीने भाजीपाल्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर 'उणे ४' असे लिहिले आणि ते पातेले आता चहाला चालणार नाही, हेही तितक्याच शांतपणे सांगितले.

आमची गाडी १९७८ सालची फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर आहे. जर्मनीत तिला लाडाने 'बुल्ली' म्हणतात. श्टुटगार्ट आणि उल्म यांच्या मधल्या एका गावात आम्ही राहतो आणि दर उन्हाळ्यात तिच्यात अंथरूण-पांघरूण, शेगडी, पाण्याचे कॅन आणि डाळ-तांदूळ भरून आल्प्स ओलांडून इटलीला जातो. मागच्या चाकांच्याही मागे दोन लिटरचे, ७० अश्वशक्तीचे, चार सिलिंडरचे इंजिन आडवे पहुडलेले असते आणि ते पाण्याने थंड होत नाही, हवेने होते. मागे इंजिन असलेले वाहन मी आयुष्यात प्रथम पाहिले ते पुण्यातली रिक्षा. तिचे इंजिन गरम झाले आहे हे मागच्या सीटवर बसलेल्याच्या पाठीला आधी कळायचे. बुल्लीत तशी सोय नाही. चालकापासून इंजिन तीन मीटर मागे असते आणि कारखान्यातून निघताना तिला तापमान दाखवणारा काटा दिलेला नसतो. तेलाचा दाब अगदीच पडला तर पेटणारा एक दिवा तेवढा असतो.

तोच दिवा एका जुलैमध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीच्या माथ्यावर पेटला. ऑस्ट्रियातले इन्सब्रुक शहर साधारण ५७५ मीटर उंचीवर आहे आणि ब्रेनरची खिंड १,३७० मीटरवर. मधला सगळा रस्ता चढाचा, आणि १९६३ साली खुला झालेला तो उंचच उंच युरोप पूल ओलांडताना खाली पाहायचे की आरशात मागच्या ट्रककडे, हे ठरवता येत नाही. त्या दिवशी बाहेर तेहतीस अंश होते. गाडी चौथ्या गिअरमध्ये रखडत चढली, मीही हट्टाने गिअर उतरवला नाही, आणि माथ्यावर वाहनांच्या रांगेत थांबून इंजिन आयडलवर आले तसा दिवा लुकलुकू लागला. जरा रेस केली की विझायचा, पाय काढला की पुन्हा पेटायचा. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि तासभर आम्ही दोघे गवतावर बसून राहिलो. गाडी जुनी असली की माणसाला थांबता येते, असे मी तेव्हा पत्नीला म्हणालो खरा, पण पोटात गोळा आला होता.

तो दिवा काय सांगत होता, ते समजायला फोक्सवॅगनच्या पुस्तकापेक्षा आईची कढई मला जास्त उपयोगी पडली. तेल तापले की नाही हे पाहायला आई पिठाची इवलीशी गोळी सोडायची. ती तळाशी बसली तर तेल कच्चे, झटकन वर आली तर तयार. त्या तापलेल्या तेलातून झारा उचलला की तेल पाण्यासारखे भुरभुर निथळायचे, आणि तेच तेल सकाळी बरणीत परत ओतताना त्याची मधासारखी जाड धार पडायची. इंजिनातही हेच घडते. बेअरिंग आणि फिरता दांडा (क्रँकशाफ्ट) यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्याच्यावर सगळा संसार तरलेला असतो. आमच्या गाडीत २०डब्ल्यू-५० जातीचे तेल आहे. त्यातला ५० हा आकडा त्या तेलाचा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. तापमान १३० अंशांवर गेले की तो दाटपणा जवळपास निम्म्यावर येतो, तेल बेअरिंगच्या फटींतून सहज निसटते आणि पंपाने कितीही ढकलले तरी दाब टिकत नाही. जुने मेकॅनिक मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय (सुमारे ०.७ बार) दाब हवा असा ठोकताळा सांगतात. तो दिवा मात्र दाब अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर पेटतो. म्हणजे तो धोक्याची सूचना देत नाही, झालेल्या गोष्टीची बातमी देतो.

पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांत रेडिएटर असतो आणि तेल बरेचसे आपल्या वंगणाच्या कामापुरते राहते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तेलाला पाण्याचेही काम करावे लागते. सिलिंडरच्या बाहेरच्या पापुद्र्यांवरून पंखा हवा मारतो, पण पिस्टनच्या पोटाखालची, बेअरिंगांची आणि व्हॉल्व्हच्या आसपासची उष्णता उचलून आणते ते तेल. आणि ते तेलही फिल्टरसकट साडेतीन लिटरच. त्याला निववण्यासाठी पंख्याच्या पत्र्याच्या घराआड एक छोटा कूलर कारखान्यातूनच बसवलेला असतो. पंखा थेट क्रँकशाफ्टच्या टोकावर असल्यामुळे इंजिन जितके फिरेल तितकाच तो फिरतो, आणि इथेच माझा चौथ्या गिअरचा हट्ट नडला होता: चढावर इंजिन कमी फेऱ्यांवर कण्हत राहिले की उष्णता सर्वाधिक आणि वारा सर्वात कमी. तिसरा गिअर टाकला असता तर आवाज वाढला असता, पण वाराही वाढला असता. गाडीच्या हालण्याची मदत तर जवळजवळ नाहीच, कारण वाऱ्याला सामोरे जाते ते सपाट नाक आणि इंजिन त्याच्या पाठीमागे लपलेले. मागच्या खिडक्यांजवळच्या जाळ्यांतून जी हवा ओढून घेता येईल, तीच त्याच्या वाट्याची.

या चढांवर मला बोरघाट आठवतो, त्याला कारण आहे. माझे वडील एका कारखान्याचा माल मॅटाडोर व्हॅनमधून पुण्याहून मुंबईला पोहोचवत, आणि शाळेच्या सुट्टीत मी क्लीनरच्या जागी बसून जात असे. खोपोलीहून परत येताना घाट चढायचा. जागोजागी ट्रक बॉनेट उघडून वाफा सोडत उभे असायचे, चालक पाण्याचा डबा घेऊन रेडिएटर निवायची वाट पाहत विडी ओढत बसायचे. आमचीही गाडी कधी कधी तशी उभी राहायची. क्षमतेपेक्षा जास्त खोकी भरणारे आम्हीच, तेव्हा तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. शिंगरोबाच्या देवळापाशी वडील खिडकीतूनच एक नाणे टाकत आणि त्यानंतर काचेवर बोट ठेवून तापमानाचा काटा मला दाखवत. "तो तांबड्यात गेला की मला सांगायचं. झोपायचं नाही." काटा वाचणे ही माझी पहिली नोकरी होती म्हणायला हरकत नाही.

जर्मनीत आल्यावर कळले की या दोन गाड्यांचे जुने नाते आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने आपल्याकडे आणलेले मॅटाडोर हे नाव मूळचे हांबुर्गच्या टेम्पो कारखान्याचे. तिथली पहिली मॅटाडोर १९४९ साली आली तेव्हा तिच्यात इंजिन होते ते फोक्सवॅगनचे, हवेने थंड होणारे, २५ अश्वशक्तीचे. इकडे बेन पोन नावाच्या डच आयातदाराने १९४७ सालीच वहीच्या पानावर एका खोक्यासारख्या, मागे इंजिन असलेल्या व्हॅनचे चित्र काढून ठेवले होते. ती व्हॅन मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबुर्गला तयार होऊ लागली, १९५६ पासून हानोफरला. मधल्या काळात, १९५२ साली, फोक्सवॅगनने टेम्पोला इंजिने देणे थांबवले. वडिलांच्या मॅटाडोरच्या आजीशी ज्या इंजिनाचा असा काडीमोड झाला, त्याचाच मोठा वंशज आता माझ्या दारात उभा आहे. वडिलांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग त्याला पाणी कुठून घालतोस?" पाणी घालावेच लागत नाही हे त्यांना पटवायला बराच वेळ गेला, आणि पटले असे अजूनही वाटत नाही.

त्या जुलैनंतर परत आल्यावर मी पहिल्याच आठवड्यात जादा ऑइल कूलर मागवायला बसलो होतो. आमच्या शेजारी एक निवृत्त टूलमेकर आजोबा राहतात. त्यांनी तो बेत हाणून पाडला. "ताप आलेल्या माणसाला तुम्ही मोठा पंखा आणून देता की डॉक्टर?" असे त्यांनी विचारले, आणि इथल्या स्वाबियन लोकांना बोलण्यापेक्षा करणे अधिक आवडत असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलेही. आधी मोजा, मग बोला, हे त्यांचे म्हणणे. म्हणून तो मीटर आला, तो सेन्सर इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या कुंडात बसला, आणि बसण्याआधी त्याची चहाच्या पातेल्यात परीक्षा झाली. आमच्या घरापासून उल्मच्या दिशेने निघाले की महामार्ग आल्ब नावाच्या डोंगराळ पठारावर चढतो. तो चढ आमची प्रयोगशाळा ठरली. एकाच वेगाने, तिसऱ्या गिअरमध्ये, शक्यतो सारख्याच हवेत चढायचे आणि पत्नीने वहीत आकडा लिहायचा. पहिला आकडा, चार वजा करून, १२६ आला, आणि तोही सप्टेंबरच्या थंड सकाळी, रिकाम्या गाडीने. कूलर नसणे हे याचे कारण असूच शकत नव्हते. कारखान्याने ही गाडी चढ चढण्यासाठीच केली होती.

हिवाळ्यात आम्ही इंजिन खाली उतरवले. आजोबांच्या गॅरेजात, दोन जॅक आणि जुन्या दाराची एक फळी वापरून उतरवताना ते जमिनीवर आले तेव्हा ते इतके लहान दिसले की माझा विश्वास बसेना. एवढेसे यंत्र दोन टनांवर भरलेली गाडी इटलीला नेते. पंख्याच्या घराचा पत्रा काढल्यावर कारखान्याचा मूळ कूलर दिसला, म्हणजे दिसला नाही असेच म्हणायला हवे. वर्षानुवर्षे झिरपलेले तेल आणि धूळ यांचा काळा, चिकट लगदा त्याच्या पट्ट्यांमध्ये इतका घट्ट बसला होता की टॉर्च मागे धरली तरी उजेड पलीकडे येत नव्हता. मी लाकडी खुंटीने तो उकरला, केरोसीनमध्ये भिजत ठेवला, पुन्हा उकरला. तिसऱ्या दिवशी आजोबांनी तो खिडकीसमोर धरला आणि पट्ट्यांमधून पलीकडचे बर्फ दिसले. असे साफ दिसणारे काहीतरी मी फार दिवसांत पाहिले नव्हते.

दुसरे दुखणे अधिक मजेदार होते. इंजिनाच्या भोवतीने, पत्रा आणि गाडीची बॉडी यांच्या फटीत, एक रबराची पट्टी असते. वरची गार हवा आणि खालची सायलेन्सरने तापवलेली हवा यांच्यामध्ये ती भिंत असते. आमच्या गाडीत ती पट्टी डाव्या बाजूला हातभर गायब होती, आणि त्या जागी पूर्वीच्या कुणीतरी भांडी घासायचा स्पंज कोंबला होता. म्हणजे पंखा आपलीच ओकलेली गरम हवा त्या फटीतून पुन्हा ओढून इंजिनावर मारत होता. तिसरे, हवेचा मार्ग इंजिन गार असताना बंद आणि तापल्यावर उघडा करणारी झडप गंजून अर्ध्यात अडकली होती. चौथे, इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, चुकलेले होते, आणि तो दोष माझाच, कारण ते मीच लावले होते. या चारही गोष्टींत विकत आणावे लागले ते फक्त रबर. वसंतात पुन्हा आल्बचा चढ चढलो तेव्हा वहीत ११३ हा आकडा लिहिला गेला. तेरा अंश, आणि कूलर अजून दुकानातच. हे इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण जादा कूलर बसवलेल्या अशा गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांच्या इंजिनाभोवती हात फिरवला तर ती रबराची पट्टी हाताला लागत नाही.

मग कूलर बसवलाच का? त्या उन्हाळ्यात आम्ही बऱ्या झालेल्या इंजिनाने पुन्हा ब्रेनरला गेलो. आता तिसरा गिअर होता, अहंकार नव्हता, दिवा पेटला नाही. पण भर दुपारी, पूर्ण सामानासह, माथ्याच्या अलीकडे वहीत १२३ लिहिले गेले. निरोगी माणसालाही उन्हात ओझे घेऊन डोंगर चढताना घाम येतोच, तसेच हे. तेल १२० च्या वर जाऊन थोडा वेळ राहिले म्हणून लगेच इंजिन बसत नाही. परंतु ते लवकर जळते, काळे पडते, आणि इंजिन सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचे असले की बेअरिंगांच्या फटी आधीच सैल झालेल्या असतात. आजोबांनीही या वेळी मान डोलावली. "आता पंखा आणा," एवढेच म्हणाले.

कूलर कुठे बसवायचा, यावर आम्ही दोन शनिवार घालवले. वारा भरपूर मिळतो तो नाकाशी; पण इंजिन मागे, कूलर पुढे म्हणजे जाऊन-येऊन आठेक मीटर नळी, तिच्यात भरणारे जादा तेल आणि तेवढ्या लांबीत खर्च होणारा दाब. श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या पोर्श संग्रहालयात गेलो होतो, तिथे १९६९ सालच्या ९११ एस गाडीपाशी आजोबा बराच वेळ रेंगाळले. तिचेही इंजिन मागे, तीही हवेने थंड होणारी, आणि तिचा जादा कूलर खरोखरच पुढे, उजव्या मडगार्डच्या पोटात असतो. "पण तिच्यात तेल दहा लिटरच्या आसपास असते आणि ते वेगळ्या टाकीत," असे सांगून त्यांनी माझी उत्सुकता विझवली. आम्ही गिअरबॉक्सच्या वरची, गाडीच्या तळाखालची मोकळी जागा निवडली. तिथे वारा कमी, म्हणून १२ व्होल्टचा पंखा हवा. नळ्या मात्र हातभरापेक्षा थोड्याच लांब. मागच्या चाकाआडची जागाही बरी होती, पण चाकाने उडवलेले खडे आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ यांच्या तोंडी पातळ ॲल्युमिनियम द्यायला मन घेईना.

तेल बाहेर काढण्यासाठी या इंजिनाला छेद द्यावा लागत नाही, ही त्याची मोठी कृपा. फिल्टर फिरवून काढायचा, त्याच्या जागी दोन तोंडांची सँडविच प्लेट लावायची आणि तिच्यावर फिल्टर परत फिरवायचा; त्या दोन तोंडांतून तेल कूलरला जाते आणि परत येते. प्लेट घेताना मात्र कंजुषी करू नये. आमच्या प्लेटमध्ये थर्मोस्टॅट आहे. तेल ८० अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत तो कूलरची वाट जवळजवळ बंद ठेवतो. हिवाळ्यात इथे उणे दहा अंश ही काही बातमी नसते. अशा थंडीत तेल सतत कूलरमधून फिरत राहिले तर ते तापतच नाही, आणि न तापलेल्या तेलातून ज्वलनाची वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. माझ्या ओळखीच्या एका गाडीत थर्मोस्टॅटशिवाय कूलर होता. तिच्या तेलाचे झाकण उघडले तेव्हा आतून पिवळसर, दाट साय चिकटलेली निघाली, थेट लोणी काढायच्या आदल्या रात्रीसारखी. तेलाला ताप वाईट, तशी थंडीही वाईट.

बसवण्याच्या दिवसाविषयी अभिमानाने सांगावे असे थोडेच आहे. कूलरच्या तोंडावर नळीचा नट आवळताना मी एकच पाना वापरला. नट फिरला, आणि त्याच्याबरोबर कूलरची ॲल्युमिनियमची मानही केसभर फिरली. मला ते जाणवले, पण मी जाणवले नाही असे ठरवले. कूलर लावला, अर्ध्या इंचाच्या दोन्ही नळ्या ओढल्या, सायलेन्सरच्या गरम भागांजवळून जाताना त्यांना उष्णतेपासून वाचवणारी बाही घातली, आणि जिथे नळी पत्र्याला टेकते तिथे रबराचा तुकडा बांधला, कारण स्टीलच्या जाळीची नळी इंजिनाच्या कंपनाने ज्याला टेकेल त्याला करवतीसारखी कापते. वरून लिटरभर जादा तेल ओतले. मग इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवली आणि दिवा विझेपर्यंत स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवला, म्हणजे रिकाम्या नळ्या आणि कूलर भरेपर्यंत बेअरिंगांना कोरडे पळावे लागू नये. सगळे नीट झाले. सकाळी गाडीखाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा एक डाग होता. मान तडकली होती. दुसरा कूलर आणला. या वेळी आजोबा शेजारी उभे राहिले आणि मी एका पान्याने मान धरून ठेवली, दुसऱ्याने नट आवळला. ते काही बोलले नाहीत, आणि ते बोलले असते तर बरे वाटले असते.

एवढे करून आल्ब चढलो तर वहीत ११० आला. तीन अंश! पैसे आणि दोन महिन्यांचे शनिवार यांच्या बदल्यात तीन अंश म्हणजे माझी चांगलीच चेष्टा होती. पंखा फिरत होता, आवाज ऐकू येत होता, नळ्या हाताला चटके देत होत्या, म्हणजे तेल कूलरपर्यंत जात होते. दोन आठवडे मी थर्मोस्टॅटवर संशय घेतला. शेवटी आजोबांनी खिशातला टिश्यू पेपर काढला, त्याचा तळहाताएवढा तुकडा फाडला आणि गाडीखाली झोपून कूलरच्या खालच्या बाजूला धरला. पंखा वरून हवा ओढून खाली रस्त्याकडे ढकलेल अशी आमची योजना होती, तेव्हा तो तुकडा उडून त्यांच्या तोंडावर यायला हवा होता. तो टपकन वर गेला आणि कूलरला चिकटून बसला. पंख्याच्या दोन वायरी मी उलट जोडल्या होत्या. पाती ज्या दिशेसाठी वळवलेली होती तिच्या उलट ती फिरत होती, रडतखडत हवा खालून वर ओढत होती, आणि ती तापलेली हवा गाडीचा तळ आणि कूलर यांच्यातल्या चार बोटांच्या फटीत कोंडून राहत होती. वायरी बदलायला दोन मिनिटे लागली. पुढच्या रविवारी वहीत १०१ लिहिले गेले.

पंख्याबाबत आणखी एक गोष्ट मला आजोबांनीच दाखवून दिली. मी तो थेट बॅटरीवर जोडणार होतो, म्हणजे गाडी बंद केल्यावरही तेल निवेपर्यंत तो फिरत राहील. ते मला फार शहाणपणाचे वाटत होते. त्यांनी विचारले, "इंजिन बंद, तर पंप बंद. पंप बंद, तर तेल कुठे फिरते?" कूलरमध्ये अडकलेले वाटीभर तेल गार करत बॅटरी उतरवायची, एवढाच त्याचा उपयोग झाला असता. आता तो रिलेवर आहे, किल्लीबरोबर चालू, किल्लीबरोबर बंद, आणि मधे त्याचा स्वतंत्र फ्यूज. मोठा चढ संपला की मी एक-दोन मिनिटे इंजिन आयडलवर ठेवतो आणि मगच किल्ली फिरवतो. पार्किंगमध्ये शेजारचे लोक बघत राहतात. हा माणूस उतरत का नाही, असे त्यांना वाटत असावे.

दाबाचीही एकदा खात्री करून घेतली. कूलर आणि नळ्या म्हणजे तेलाच्या वाटेतला नवा अडथळा, त्यामुळे तापमान उतरले पण दाबही उतरला, असे होऊ शकते. तात्पुरता दाबाचा मीटर लावून पाहिले: तेल शंभराच्या आसपास असताना, ३,००० फेऱ्यांवर काटा त्या जुन्या ठोकताळ्याच्या वर होता. आजोबांनी काच टिचकीने वाजवून पाहिली, जणू काटा खोटे बोलत असेल तर घाबरून खाली येईल.

गेल्या जुलैमध्ये पुन्हा ब्रेनर. बाहेर एकतीस अंश, सामान नेहमीइतके, वर पत्नीने आणलेली दोन लोणच्याच्या बरण्यांची भर. इन्सब्रुक सोडल्यावर तिने वही मांडीवर घेतली, पेन्सिल कानामागे खोवली, आणि मी तिसरा गिअर टाकला. युरोप पुलावर डावीकडून ट्रक गेले, आम्ही उजव्या कडेने आपल्या चालीने वर जात राहिलो. मी मीटरकडे पाहत नव्हतो. ते तिचे काम होते आणि क्लीनरने झोपायचे नाही, हा आमच्या घरचा जुना नियम. माथ्यावर रांग होती. थांबलो, इंजिन आयडलवर आले, दिवा विझलेलाच राहिला.

संध्याकाळी पलीकडच्या उतारावर मुक्काम केल्यावर मी वही उघडली. इन्सब्रुकचा आकडा होता, १०३. त्याच्या खाली माथ्यापर्यंतच्या ओळी कोऱ्या होत्या. झोप लागली होती का, असे मी विचारले, तर ती शेगडी पेटवता पेटवता म्हणाली, "काटा हललाच नाही. लिहायचं काय?"